पुढची जागा

नातवाच्या ट्रकाजवळ वंगणाचा वास आला आणि निजामाच्या राज्यातली आमची पहिली भाड्याची खेप आठवली. कापसानं लादलेली बैलगाडी घेऊन आम्ही नवराबायको हिंगोलीला निघालो होतो. "बाई काहून आनली संगं?" बाकीचे गाडीवान हसले.

कयाधू नदीच्या चढावर गाडी मागं कलली. जू वर उचललं गेलं, बैलांचे गळे आवळले. मी उडी मारून पुढच्या दांडीला लोंबकळले. माझ्या भारानं जू खाली आलं अन् बैलांनी एका दमात चढ मारला. आता कुणी हसत नव्हतं.

कापसाच्या जिनिंग कारखान्यावर व्यापाऱ्यानं यांना विचारलं, "उद्या येनार?"

"व्हय. दोघंबी येऊ," हे म्हणाले.

आज नातू म्हणाला, "आजी, कुठं बसशील?"

"पुढं. आपला धंदा तिथूनच सुरू झाला, लेकरा."