गाडीच्या भोंग्यात माझा आवाज

आधी कबूल करा की हसणार नाही. आणि तोंडातला चहा गिळून घ्या, मगच सांगते. मागे हे सांगत होते तर आमच्या धाकट्या जावेच्या नाकातून चहा आला होता.

मी आमच्या गावची उपसरपंच. शहापूरला हायवे सोडून आत वळलं की तलाव लागतो, त्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आमचं गाव. गाव चांगलं आहे हो, फक्त ऐकत कोणी नाही. ग्रामसभेची दवंडी द्या, घरोघरी निरोप पाठवा, कोरम म्हणून होत नाही! खुर्च्या जास्त, माणसं कमी.

तर तालुक्याहून आम्हाला घंटागाडी मिळाली. नवीकोरी, बॅटरीवरची. मागे दोन कप्पे, हिरवा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा. घरोघरी तसेच दोन-दोन डबेही वाटले. पण गाडी दिली ती बोलीवर! काही दिवसांनी पथक येणार, ओला-सुका वेगळा होतो का बघणार, खताच्या टाकीत डोकावणार. जमलं नाही तर गाडी दुसऱ्या गावाला.

आणि दुसरं गाव कोणतं? माझं माहेर! तिथली सरपंच कोण? माझी वहिनी! दुसऱ्याच दिवशी तिचा फोन.

"ताई, गाडीवर झाकाले ताडपत्री देली का वो? नसन तं मी आतापासूनच शिवून ठेवते."

आता तुम्हीच सांगा, यानंतर ती गाडी हातची जाऊ द्यायची? जीव गेला तरी नाही!

मी कामाला लागले. भोंग्यावर वाजवायला स्वतःच्या आवाजात घोषणा भरून घेतली: "या हो या, लवकर या! ओलं-सुकं घेऊन या!" अगदी शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणावी तशी, खणखणीत. आमचे गाडीवाले मनोहरभाऊ म्हणालेही, "बाई, आवाज असा की मेलेला मानूस उठून डबा घेऊन येईन."

गाडी फिरली. निळा कप्पा पहिल्याच गल्लीत भरला. पन्न्या, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचे कागद, कुरकुऱ्यांची पाकिटं, एक फाटकी चप्पल, तीही एकाच पायाची. आणि हिरवा कप्पा? कोरडा ठणठणीत! सगळं गाव फिरून त्यात जमलं एक लिंबू.

माझं डोकंच फिरलं. निघाले घरोघरी. पहिलं घर शेवंताकाकूंचं. हिरवा डबा उघडला तर आत तांदूळ!

"काकू, हा डबा ओल्या कचऱ्याचा आहे ना?"

"हो, पन मजबूत आहे वो बाई. उंदीर लागत नाई."

"मग ओला कचरा कुठं टाकता?"

"कोनता ओला कचरा?"

"भाजीची सालं?"

"बकरीले."

"भाताची पेज?"

"म्हशीले."

"शिळी पोळी?"

"कोंबड्यायले. काहून वो बाई, आमी अन्न फेकतो असं वाटलं का तुले?"

घ्या! पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. अख्ख्या गावात ओला कचरा म्हणून नाहीच. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? तालुक्याला फोन करून सांगितलं असतं की बाबांनो, आमच्याकडे हा माल निघत नाही. पण मी शहाणी असते तर हा किस्सा झाला असता का?

मी विहारासमोरच्या पटांगणात सभा घेतली. आले ते चार लोक, पण ठणकावून सांगितलं. उद्यापासून जनावरांना घरातलं काही घालायचं नाही. सालं, पेज, शिळंपाकं, सगळं हिरव्या डब्यात! पथक येऊन जाईपर्यंत. ज्याचा डबा रिकामा, त्याच्या दारात मी उभी राहणार.

"मंग जनावरायनं खावं काय?" हे विचारणारे दुसरे कोणी नाहीत, आमचेच घरधनी. पुढच्या खुर्चीत बसून!

"तणस आहे, चारा आहे. भाताचे ढीग लागलेत गावात, उपाशी मरतात का?"

"चांदीले सकाळची पेज लागते." चांदी म्हणजे आमची गाय. माझ्या चहाची चौकशी या माणसानं आजवर केलेली नाही, पण चांदीच्या पेजेसाठी भर सभेत उठून उभे राहिले.

पण झालं काम. मी रोज दारोदार उभी राहिले आणि हिरवे डबे भरायला लागले. टाकीत थर चढू लागले, ओल्यावर शेण, शेणावर ओलं. मी रोज फोटो काढून वहिनीला पाठवायचे. तिचं उत्तर नाही, नुसत्या निळ्या खुणा.

एका सकाळी आमचे गायकी, म्हणजे सगळ्या गावाच्या गाई चारायला नेणारे डोमाजी, तणतणत दारात आले.

"बाई, तुमच्या भोंग्याचं काहीतरी करा. मी आखरावर गाई जमा करतो, तिकडून तुमचा आवाज आला की साऱ्या गाई शेपट्या वर करून गावात पयतात!"

"माझ्या आवाजानं? काहीही काय डोमाजी!"

"काहीही नाई. जे घरी भेटे ते आता गाडीत भेटून राहिलं. जनावर हाय, मूर्ख नाई. आनि तुमची चांदी साऱ्यायच्या समोर हाय."

खरं सांगते, मला वाटलं हे कामचुकारपणाचं बोलणं. मी त्यांना म्हटलं, पथक येईल त्या दिवशी गाई तलावाच्या पलीकडे न्या, म्हणजे झालं. ते मान हलवत गेले.

पथक आलं. एक साहेब, एक मॅडम. साहेबांना झेंडूचा हार घातला, मॅडमना नारळ दिला. बघावं तिथं चकाचक! निळे डबे भरलेले, हिरवे डबे भरलेले, टाकी काठोकाठ. गाडी टाकीजवळच उभी होती, तिचा हिरवा कप्पा अजून ओतायचा होता. साहेब टाकीत वाकून म्हणाले, "वा! इतका स्वच्छ ओला कचरा मी कुठल्याच गावात पाहिला नाही."

मी फुगले हो. गाडी आपली! माझ्या डोळ्यांपुढे वहिनीची ताडपत्री घडीच्या घडी पडून राहिलेली दिसायला लागली.

तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "गाडीवर घोषणा कोणाच्या आवाजात आहे?"

"माझ्याच!"

"अरे वा. ऐकवा की."

"मनोहरभाऊ, लावा!"

मनोहरभाऊंचा चेहरा पडला. "बाई, आता कायले?"

"लावा म्हणते ना. फुल आवाजात!"

"या हो या, लवकर या!" माझा आवाज गावावरून गेला, तलावावरून गेला. पाण्यावरून आवाज लांब जातो, हे लहानपणापासून माहीत असलेलं नेमकं तेव्हाच विसरायचं होतं मला.

पाळीवर धूळ उठली.

"बाप्पा!" असं म्हणून मनोहरभाऊ टाकीमागे गेले. धुळीतून पुढे चांदी, तिच्या मागे सगळ्या गावचं गोधन, आणि सगळ्यात मागे हातात काठी घेऊन बोंबलत डोमाजी. भोंगा आपला चालूच, "ओलं-सुकं घेऊन या!" मी ओरडते "बंद करा!" तर तोही माझाच आवाज. गाईंना वाटलं, बाई स्वतः बोलावताहेत. त्या आणखी जोरात!

मॅडम शाळेच्या ओट्यावर चढल्या. साहेब घाबरून गाडीवर चढले, आणि चढले ते नेमके कुठं? ओल्याच्या कप्प्यात! सगळ्या गाई तिकडेच. चांदीनं पुढचे पाय गाडीवर ठेवले आणि साहेबांच्या गळ्यातला हार खायला सुरुवात केली. आमचे घरधनी धावत आले.

"चांदे, सोड! सोड म्हनतो ना! साहेब हायेत ते!"

बायकोची इज्जत चालली होती, पण या माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं माहीत आहे? कौतुक! चांदी पोटभर खाते आहे म्हणून.

गाई पांगल्या तेव्हा हिरवा कप्पा चाटूनपुसून साफ. टाकीतले वरचे थर गायब, उरलं ते शेण, त्यात ताज्याची भर. साहेब खाली उतरले. गळ्यात हाराचा नुसता दोरा.

"ताई," ते म्हणाले, "ओला कचरा दाखवता?"

"होता साहेब. आत्ताच होता."

"आणि एरवी कुठे जातो?"

मी तोंड उघडायच्या आत शेवंताकाकू बोलल्या, "इथंच जाते साहेब. गाईच्या पोटात. हे बाई मधात पडली म्हनून त्याले गाडी लागली."

साहेब जे हसायला लागले ते थांबेचनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "गाडी ठेवा सुक्यासाठी, तो तुमच्याकडे भरपूर आहे. ओलं ज्याचं त्याला खाऊ द्या. फक्त तो भोंगा काढा."

म्हणजे गाडी राहिली! जिंकले की मी! संध्याकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम उशिरा उचलला.

"ताई, गाडी तुमच्याकडेच राह्यली म्हने. राहू द्या. पन तो भोंगा रिकामाच हाय ना? तो द्या वो पाठवून."

"तुला कशाला?"

"आमच्या गायकीले बरा पडन."

मी चिडून भोंगा पाठवून दिला, आवाजासकट. आता माहेरी रोज संध्याकाळी तो वाजवतात आणि मूठभर सरकीची ढेप टाकतात. एक गाय चुकत नाही म्हणे. इकडे परवा ग्रामसभेसाठी मी स्वतः चौकात उभी राहून घसा फोडला, "या हो या, लवकर या!"

कोरम झाला नाही. चांदी आली होती.