कोठीतली पट्टी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अमरावतीच्या बोर्डिंगात कोणी काम सांगितलं तर ते नाकारता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. सुपरिंटेंडंट सरांनी कोठीचं काम दिलं तेव्हा मी फक्त "हो सर" म्हणालो.

कोठी म्हणजे स्वयंपाकघरामागची लांब, अंधारी खोली. मुलं घरून आणलेली ज्वारीची पोती, डाळीचे डबे, ट्रंका तिथे ठेवायची. प्रत्येकाला एक कप्पा आणि त्याच्याखाली भिंतीपासून मधल्या वाटेपर्यंत जमिनीची पट्टी मिळे. कप्प्यावर खडूने नाव. सामान इतकं वाढलं होतं की स्वयंपाक्याला पोत्यांवरून चढून आत जावं लागे.

सर म्हणाले, "कोणी किती जागा अडवली तेवढं दर रविवारी सांग. उघडून मात्र काही पाहायचं नाही."

मी वितीनं मोजायचो. मुलं ओरडायची, "आला पटवारी! पटवारीसाहेब, माया पोटाचं बी माप घ्या न."

माझा खोलीतला सोबती अकोटकडचा. घरी भाजीपाल्याची वाडी. वडील आजारी पडले म्हणून तो दिवाळीनंतर गावी गेला. जाताना म्हणाला, "परीक्षेच्या आधी येतो. जागा ठेवजो."

तो नव्हता, तरी त्याच्या नावाखालचं सामान वाढत गेलं. आधी एक ट्रंक आली, मग दोन पोती, मग संत्र्यांची पेटी. वडिलांना अमरावतीच्या डॉक्टरकडे आणत असतील, घरच्यांनी ठेवलं असेल, असं मला वाटलं. मी नावाखालचं मोजलं आणि सांगितलं. एका रविवारी सगळ्यात जास्त जागा त्याचीच भरली. पट्टी ओलांडून सामान वाटेवर आलं होतं.

सरांनी अकोटला जाणाऱ्या एका मुलाजवळ निरोप दिला : रविवारपर्यंत सामान उचल, नाही तर खाट दुसऱ्याला जाईल. रविवार गेला. खाट दुसऱ्याला गेली.

त्यानंतर एका दुपारी तो आला. डोक्याला रुमाल गुंडाळलेला. शेंदूरजन्याचा एक मुलगा ओसरीवरूनच म्हणाला, "काहून बे, अर्धी कोठी खाल्ली न तू! आता काय वाडीच आनतं का?"

त्यानं घाम पुसायला रुमाल सोडला. डोकं गुळगुळीत होतं.

मी त्याला कोठीत नेलं. त्याच्या कप्प्याखालचा ढीग दाखवला.

"हे मायं नोय," तो म्हणाला. "मायं एकच पोतं व्हतं. त्या कोपऱ्यातलं."

आम्ही सरांकडे गेलो. सर मला म्हणाले, "मग तू सांगितलंस ते काय होतं?"

"जागा सांगितली होती, सर. नावाखालची."

सर खुर्चीवरून उठले. मग कोठीत आले आणि दारातून म्हणाले, "ज्याचं त्यानं उचला." मुलं एकेक करून आली. मघाचा शेंदूरजन्याचा मुलगा खाली मान घालून संत्र्यांची पेटी घेऊन गेला. पट्टी रिकामी झाली. फक्त कोपऱ्यातलं पोतं राहिलं.

खाट मात्र परत मिळण्यासारखी नव्हती. नवा मुलगा गादी घालून बसला होता, आणि त्याचाही दोष नव्हता. मी माझी खाट देऊ केली. सोबती म्हणाला, "तू कुठी जाशीन? परीक्षा तुले बी हाय."

त्यानं सरांना विचारलं, "सर, कप्प्याखालची जागा मायीच हाय न?"

"आहे," सर म्हणाले.

"मंग मी तिथं झोपतो. परीक्षेपर्यंत."

तो तिथेच राहिला. पोतं उशाला, पुस्तकं कप्प्यात. वडिलांचं त्यानं काही सांगितलं नाही, आणि मलाही विचारता आलं नाही. काय विचारायचं असतं, तेच कळत नव्हतं.

रविवारी मी कोठीत गेलो. एकेक पट्टी मोजत त्याच्यापाशी आलो. तो भिंतीकडे तोंड करून निजला होता. मी उभा राहिलो.

"थांबला काहून?" त्यानं न वळता विचारलं. "घे न माप."

मी खाली बसलो आणि पोत्यापासून वीत टाकत गेलो. पाय वाटेवर येत होते. त्यानं ते हळूच वर ओढून घेतले.

सरांना मी सांगितलं, त्याचं सामान पट्टीच्या आत आहे.