पलीकडचा काठ

मुलीच्या मोबाइलवर एका नव्या गेमची झलक चालू होती. ती श्वास रोखून बघत होती. मला मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघवेना, कारण अशी झलक मीही एकदा बनवली होती.

धुक्यातली नदी, होडी आणि पलीकडच्या काठावर दिवे लागलेलं गाव. गेमच्या प्रदर्शनात एका निवृत्त शिक्षिकेने ती तीनदा बघितली आणि मला विचारलं, "गुडघ्यांमुळे आता कुठे जाणं होत नाही हो. त्या गावात जाता येईल ना?"

ते गाव म्हणजे नुसतं चित्र होतं. तिथे जायची सोय आम्ही केलीच नव्हती. तरी मी म्हणालो, "येईल की, बाई!" आणि हौसेने माझा नंबरही दिला.

लोकांना वाट बघायला लावणं हेच माझं काम होतं. वाट बघणारा माणूस आपल्यावर किती विसंबतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

गेम आल्यावर महिन्याभराने त्यांचा मेसेज आला, "होडी काठाला लागत नाही. कसं करायचं?"

मी फोन करून खरं ते सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "रोज तासभर बसत होते. मला वाटलं, आता बोटंही ऐकेनाशी झाली."