मामाने तोलून आणलेला पॉवर सप्लाय

माझ्या मामाच्या हातात कुठलीही वस्तू द्या, तो आधी ती तोलतो. छत्री असो, कुलूप असो, नाहीतर नवी चप्पल. तळहातावर घ्यायची, डोळे बारीक करायचे, हात दोनदा वरखाली करायचा आणि निकाल द्यायचा. "हलकी आहे" असं त्याने म्हटलं की त्या वस्तूचा विषय संपला. माझ्या होणाऱ्या नवऱ्याशी पहिल्यांदा हात मिळवताना त्याने त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता. तो काय करतोय ते मला ठाऊक होतं. नवऱ्याला वाटलं, माणूस फार प्रेमळ आहे.

तसा तो प्रेमळ आहेच. पण नोकरीची सगळी वर्षं त्याने एका गोदामाच्या वजनकाट्यावर काढली. ट्रक भरलेला यायचा, रिकामा होऊन जायचा, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे माल, हे ठरवणारा मामा. वजन फुगवायला ड्रायव्हर काय काय करायचे! कुणी सीटखाली दगड लपवून आणायचा आणि माल उतरवताना गुपचूप टाकून द्यायचा, कुणी पाण्याचं पिंप भरून आणायचा आणि जाताना ओतून टाकायचा. मामाने एकेकाला पकडलं. गोदामात त्याला सगळे 'काटा'च म्हणायचे. मामी सांगायची, "हा काटा सगळ्यांच्या पायात रुततो. माझ्या मात्र पदरात पडलाय." आणि असं म्हणून इतकी हसायची की शेजारीण खिडकीत यायची.

हे मामीचा आवाज होता तेव्हाचं. पुढे तिच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

सुरुवातीला ती कागदावर लिहायची. पण त्याचा तिला राग यायचा. लोक कागदाकडे बघतात, माझ्याकडे बघतच नाहीत, असं तिने एकदा कागदावरच लिहून मला दाखवलं होतं. मोबाईलवरची बारीक अक्षरं तिला आवडेनात. मामी टायपिस्ट होती, दहा बोटांनी न बघता टाईप करणारी. म्हणून मी तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं वाचून दाखवणारी सोय बसवून दिली. मामी टाईप करायची, एक बटण दाबायची आणि स्पीकरमधून एक बाई बोलायची. त्या बाईला राग, लोभ, काही नाही. 'ओला टॉवेल पलंगावर टाकू नका' हेसुद्धा ती कुठेतरी पूल कोसळल्याची बातमी द्यावी तसं सांगायची. मामा स्वयंपाकघरातून ओरडायचा, "हो गं!" घर पुन्हा बोलतं झालं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग त्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळला. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना झेपेल अशी वाटून देणारा मागचा डबा. मी फोनवर सांगितलं, "मामा, मी रविवारी येते, मग घेऊ."

"डबा तर घ्यायचाय, त्यात काय! तोवर हिने गप्प बसायचं का?" असं म्हणून स्वारी एकटीच बाजारात गेली. दुकानदाराने तीन डबे पुढे ठेवले. मामाने तिन्ही तोलले आणि सगळ्यात जड होता तो उचलला. संध्याकाळी मला फोनवर म्हणाला, "एकदम दणकट मिळालाय बघ. दुकानातल्या पोराने येऊन बसवूनही दिला." मी कपाळावर हात मारला, पण चालतोय म्हटल्यावर गप्प बसले.

थोडेच दिवस चालला. मग कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. मामीने एकदा टाईप केलं, 'अहो, बसू नका, खुर्चीवर तुमचा चष्मा आहे', बटण दाबलं आणि ती बाई "अहो" म्हणते न म्हणते तोच पडदा काळा. मामा चष्म्यावर बसला. तेव्हा दोघंही खूप हसली म्हणे. पण रोज काय हसणार? कॉम्प्युटर परत सुरू होईपर्यंत बोलण्यातली मजा निघून जायची. मामीची वाक्यं आखूड व्हायला लागली. 'हो.' 'नको.' 'नंतर.' पुढेपुढे ती त्या खुर्चीवर बसेनाशीच झाली. नुसती मान हलवायची.

मामाचा फोन आला तेव्हा त्याचा सूर मी ओळखलाच नाही. "अगं, ती गप्प होत चाललीये. मी काही विचारलं की नुसती हसते. ये ना जरा."

मला चिडायला वेळ लागत नाही. रस्ताभर मी मनातल्या मनात मामाला फैलावर घेत होते. पण जाऊन पाहिलं तर मामी खिडकीशी भाजी निवडत बसलेली आणि मामा तिच्यासमोर उगाचच एकटा बोलत बसलेला, तिचंही आणि स्वतःचंही. माझा राग तिथेच विरघळला. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचललं आणि आम्ही दोघं दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

जिन्याखालचं एवढंसं दुकान. दुरुस्तीवाली माझ्याच वयाची, बोलायला तुटक. तिने दुसरा पॉवर सप्लाय जोडून पाहिला, कॉम्प्युटर मुकाट चालला. मग तिने मामाचा डबा काळजीपूर्वक उघडला आणि आमच्याकडे वळवला. आत मोजकेच किरकोळ भाग होते, आणि तळाला स्क्रूने घट्ट बसवलेला एक लोखंडी तुकडा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वजन," ती म्हणाली. "डबा हाताला भारी लागावा म्हणून घालतात."

मामाने तो तुकडा हातात घेतला. सवयीने हात वरखाली गेलाच. मग तो हळूच म्हणाला, "मापात पाप." तुकडा उलटून बघत पुन्हा म्हणाला, "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांतले दगड शोधले गं मी. आणि हा दगड स्वतः उचलून घरी नेला."

दुरुस्तीवालीने एक नवा डबा काढला. मामाने तो घेतला, तोलला आणि माझ्याकडे केविलवाणं बघितलं. "हलका आहे गं."

"काका, वजन डब्याचं नाही करायचं," ती म्हणाली. "डब्यावरचा हा तक्ता वाचा. मोठ्या अक्षरात वॅट कितीही छापता येतात. बारा व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर आहेत ते बघायचं, त्यावर सगळं चालतं. तक्ताच नसेल, तर डबा परत ठेवायचा. भार वाढला तर स्वतःला सांभाळून घेईल अशी सोय हवी. आणि कंपनी हमी किती वर्षांची देते ते विचारायचं."

मामाने चष्मा पुसून तक्ता ओळ न् ओळ वाचला. सगळं झाल्यावर एवढंच विचारलं, "बोलता बोलता मध्येच नाही ना बंद पडणार?"

"वीज गेली तर पडेल. आपणहून नाही पडायचा."

"नक्की?"

"काका, माझ्या घरी हाच आहे."

मामाने डबा आणखी एकदा तोलला आणि छातीशी धरला.

घरी येऊन मी तो बसवला, कॉम्प्युटर सुरू केला. मामी दारात उभी होती, यायला तयार नव्हती. मामाने खुर्ची ओढली. "ये बस. काहीतरी लांबलचक बोल. शिव्या दे हवं तर."

मामी बसली. बोटं कीबोर्डवर ठेवली. मग टाईप करायला लागली, आणि थांबेचना. मामा येरझारा घालून दमला आणि तिच्यामागे येऊन उभा राहिला. शेवटी तिने बटण दाबलं. ती बाई तिच्या नेहमीच्या बातम्यांच्या सुरात बोलू लागली.

"ऑपरेशनला आत नेताना तुम्ही विचारलंत, काही सांगायचंय का. मी म्हटलं, उद्यापासून दूध अर्धा लिटरच घ्या. दुसरं काही बोलले असते तर रडू फुटलं असतं. माझ्या आवाजातलं शेवटचं वाक्य मी दुधावर घालवलं. खरं बोलायचं होतं ते यातून सांगावं असं कधीपासून मनात होतं, पण निम्म्यात बंद पडलं तर तुम्हाला निम्मंच कळेल, म्हणून गप्प राहिले. ते असं होतं, की तुमच्याबरोबर माझे दिवस फार सुखात गेले, मला अजून खूप हवे आहेत, आणि तुम्ही घाबरू नका, मी परत येते."

पडदा उजळलेलाच होता. पंखा एका लयीत फिरत होता.

मामाने बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. मामी मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग न बघताच तिने दोन शब्द टाईप केले.

"ऐकू आलं," ती बाई म्हणाली.