बारा पन्नासची घंटा

शैलजाबाई आमच्या शाळेत गणित शिकवायला आल्या, तेव्हा एसटीतून उतरताना त्यांच्या दोन हातांत दोन पिशव्या होत्या. शाळेचा शिपाई म्हणून मी त्यांना आणायला थांब्यावर गेलो होतो. एक पिशवी कपड्यांची होती. दुसरी उचलली तर माझा खांदाच निखळायची वेळ आली.

“बाई, बुरोंडीहून तांदूळ आणलेत काय? गुहागरात पण पिकतो हो तांदूळ,” मी म्हणालो.

“तांदूळ नाहीत काका, दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत,” बाई म्हणाल्या. “पण पोरांना वर्षभर पुरवून घालायच्या आहेत, म्हणजे तांदूळच म्हणा.”

मी वयाने मोठा, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला काका म्हटले. आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, मी सत्तरीला टेकलो आहे, आणि त्या अजूनही काकाच म्हणतात.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. बाईंच्या गौरवग्रंथाच्या समितीने लेख मागितला तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. काही राहून गेले तर? भलतेच लिहिले गेले तर? शेवटी बाईंचीच रीत धरली. घड्याळ समोर ठेवून हा लेख दोनदा सरावाला लिहिला. हा तिसरा, खरा. एकच विनंती आहे. शुद्धलेखन समितीने सुधारावे, पण घंटेचा मजकूर गाळू नये. ‘आनंदाच्या प्रसंगी ते कशाला?’ असे मला सुचवण्यात आले आहे. ते गाळले तर बाईंविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

बाईंची रीत अशी होती. दिवाळीची सुट्टी संपली की दर शनिवारी दहावीचा गणिताचा सराव पेपर. आणि तो साधासुधा नव्हे. आदल्या दिवशी मी बाकांवर बैठक क्रमांक चिकटवायचे. दप्तरे बाहेर व्हरांड्यात. पेपर बरोबर अकराला सुरू, कारण बोर्डाचा पेपर अकराला असतो. पुरवणी मागितली तर ती दोऱ्याने बांधायची, तीसुद्धा मुलांनी स्वतः. “परीक्षेत गाठ मारता आली नाही म्हणून रडणारी मुलं मी पाहिली आहेत,” असे बाई सांगत.

पण खरी गोष्ट शेवटच्या घंटेची. गणिताचा पेपर दोन तासांचा, एक वाजता सुटणारा. बाई मला बारा पन्नासलाच शेवटची लांब घंटा द्यायला लावत. घंटा झाली की सगळ्यांनी पेन खाली ठेवायचे, पहिल्या पानावर यायचे आणि उरलेली दहा मिनिटे फक्त तपासायचे. प्रश्नाचा क्रमांक घातला का, एखादे उदाहरण अर्धे राहिले का, पुरवणी नीट बांधली का. चूक सापडली तरच पेन पुन्हा उचलायचे.

मला हे पटत नव्हते. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, व्हरांड्याच्या वाशाला टांगलेला. तो वाजला की गावातल्या बायका भाताखालचा जाळ कमी करत.

“बाई, खोटी घंटा मला जमणार नाही,” मी एकदा चिडून म्हणालो. “घंटा म्हणजे घंटा.”

“खोटी नाही हो काका, आधीची.”

“आधीची म्हणजेच खोटी. उद्या खऱ्या पेपरालाही माझा हात तसाच पडला तर?”

बाई हसल्या. “तुम्ही काळजी करायला पगार घेता की घंटा द्यायला?”

मी पुढे पंधरा वर्षे दर शनिवारी बारा पन्नासला रूळ बडवला.

बाई कडक होत्या, पण त्यांचा कडकपणा चालत घरापर्यंत जायचा. वर्षा नावाच्या मुलीला ऐन जानेवारीत गालगुंड झाले. बाई प्रश्नपत्रिका घेऊन तिच्या वाडीवर निघाल्या आणि मलाही चला म्हणाल्या. वर्षाची आई दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

“काय ओ बाई, पोर तापान फणफणलीय नि तुमी पेपर घेऊन आलाव?”

“ताप उतरला की देईल. मी थांबते.”

“आनि ह्ये काका कशाला आलेत?”

“घंटेला,” बाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत ताप उतरला. वर्षाने पडवीत पाटावर बसून पेपर लिहिला, बाई समोर घड्याळ घेऊन बसल्या, आणि मी तिच्या आईच्या पितळी ताटावर पळीने लांब घंटा दिली. आई म्हणाली, “पुढच्या टायमाला देवाची आरतीच करून जावा.” वर्षा गाल धरून हसत होती. हसताना दुखत होते, तरी हसत होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेला पहिल्यांदा दहावीचे परीक्षा केंद्र मिळाले. आणखी दोन शाळांची मुले आमच्याकडे बसणार होती. माझी नात प्रणाली त्याच वर्षी आमच्याच शाळेत दहावीला. पूर्वपरीक्षेत ती गणितात नापास झाली होती. हुशार नव्हती असे नाही, पण घाबरायची. तो गुण माझ्याकडून आला असावा. परीक्षा म्हटली की शेवटच्या मिनिटापर्यंत खोडत आणि लिहीत बसायची.

नियमाप्रमाणे मी केंद्रसंचालक सरांना लेखी कळवले की माझी नात परीक्षेला आहे. सर म्हणाले, “काका, घंटेला कसली नात? वर्गांकडे फिरकायचं नाही, एवढंच पाळा.” ते मी पाळले. घंटेचे काम मात्र माझ्याकडेच राहिले.

भाषांचे पेपर तीन तासांचे होते, ते नीट पार पडले. मग बुधवारी गणिताचा पहिला पेपर आला. गणिताच्या शिक्षकांना त्या दिवशी केंद्रात थांबता येत नाही, म्हणून बाई रस्त्यापलीकडे शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी व्हरांड्यात घड्याळाखाली उभा. डोक्यात एकच, प्रणाली काय करत असेल. मला सूचना स्पष्ट होती. बारा पन्नासला एकच टोला, दहा मिनिटे राहिल्याच्या इशाऱ्याचा. एक वाजता लांब घंटा.

काटा दहावर आला आणि माझ्या हाताने पंधरा वर्षांचा शनिवार बडवला. एक टोला नाही. लांब घंटा. चांगली मोजून दिलेली.

शेवटचा ठोका पडला तेव्हा मला कळले. लोखंडी दांडा हातातून सुटून फरशीवर पडला. वर्गांतून बाक सरकल्याचे आवाज आले. तीन नंबरच्या वर्गात नवे पर्यवेक्षक होते, ते उत्तरपत्रिका गोळा करू लागले. “सर, अजून वेळ आहे ना? सर, माझं राहिलंय!” असा गलका उठला. कोणीतरी मुलगी मोठ्याने रडू लागली. प्रणाली तीन नंबरातच होती.

केंद्रसंचालक सर कार्यालयातून धावत आले. “काका! काय केलंत हे?”

सर स्वतः वर्गावर्गांतून ओरडत गेले, “बसा, बसा, दहा मिनिटं आहेत, कोणी उठू नका.” तीन नंबरात उत्तरपत्रिका परत वाटल्या गेल्या, जितकी मिनिटे गेली तितकी त्या वर्गाला भरून दिली आणि तशी नोंद झाली. पण धसका घेतलेल्या पोराला मिनिटे परत देऊन काय उपयोग? ज्या दहा मिनिटांवर माझ्या नातीचे पास-नापास अवलंबून होते, ती मी माझ्याच हाताने तिच्यापासून ओढून घेतली, एवढेच मला दिसत होते. मी फाटकाकडे पाहिले. घंटा ऐकून बाई धावत आल्या होत्या, पण आत आल्या नाहीत. कुंपणाच्या जांभ्या दगडी गडग्याला हात टेकून बाहेरच उभ्या राहिल्या. आत यायचे नाही म्हणजे नाही. तोंड पांढरे पडले होते.

पेपर सुटला, गठ्ठे बांधून रवाना झाले, मग बाई आत आल्या. त्या सरळ कार्यालयात गेल्या आणि कागद मागितला. मी दारात उभा होतो.

“बाई, तुम्ही काय लिहिता? तुम्ही तर आवारातसुद्धा नव्हतात,” सर म्हणाले.

“आज नव्हते. पंधरा वर्षं होते. बारा पन्नासला लांब घंटा द्यायची सवय काकांना मी लावली. ते नको म्हणत होते. तेही लिहिते.”

“तुमच्यावर येईल हे.”

“माझंच आहे, तर यायलाच पाहिजे.”

पुढे चौकशी झाली. मी आणि बाई एकाच बाकावर बसलो होतो. बाईंनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. दोघांनाही लेखी समज मिळाली आणि प्रकरण मिटले. माझ्या नोकरीच्या अखेरीला डाग लागायचा, तो निम्मा बाईंनी स्वतःकडे घेतला. त्यांच्या स्वच्छ कारकिर्दीत तेवढाच एक कागद आहे. त्यांच्या सत्कारात तो कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून मी इथे लिहिला.

पुढच्या दिवाळीनंतर बाईंनी बाजारातून एक पितळी हातघंटा आणली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. “सरावाला ही. रूळ फक्त खऱ्या वेळेला. तुमचं बरोबर होतं, काका.” इतक्या शिकलेल्या बाई सातवी पास माणसाला हे सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी ती घंटा त्यांनी शाळेला दिली. अजून वाजते.

प्रणालीचे सांगायचे राहिले. त्या बुधवारी मी घरी जायला धजत नव्हतो. संध्याकाळी गेलो तर ती ओटीवर बसून कलिंगड खात होती. मी विचारले, “बाय, घंटा झाली तेव्हा तू काय केलंस?”

“काय म्हणजे? पेन खाली ठेवलं. पेपर परत मिळाल्यावर पहिल्या पानावर गेले. तिसऱ्या प्रश्नातलं एक उदाहरण अर्धंच राहिलं होतं, ते पुरं केलं.”

“घाबरली नाहीस?”

“बाकीची का रडतायत तेच कळेना,” ती म्हणाली. “मला वाटलं, शनिवार आहे.”

ती पास झाली. किती गुण ते लिहीत नाही, बाईंना गुण विचारलेले आवडत नाहीत.

शैलजाबाईंना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, एवढेच मागणे ग्रामदेवीपाशी आहे. त्यांचा पेपर पूर्ण वेळेचा होवो. पुरवण्या लागतील तितक्या मिळोत. आणि शेवटची घंटा ज्याच्या हातात असेल त्याला माझे सांगणे आहे, बाबा रे, घड्याळ दोनदा बघ. घाई करू नको.