पावसाची अट

बहात्तर साली तिसगावात मी आयुष्यातलं पहिलं घर घ्यायला निघालो. मी सहकारी सोसायटीत कारकून, वय बेचाळीस. तोवर भाड्याच्या खोल्यांतच राहिलेलो. विकणारे चाचा शिंपी होते. दुष्काळात कपडे शिवून घेणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते श्रीरामपूरला मुलाकडे निघाले होते.

घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. मी तीन रविवार जाऊन ते पाहिलं. भिंती मोजल्या, अकराच्या अकरा तुळया बोटांनी ठोकून वाळवी शोधली. धाबं गळतं की नाही, एवढं मात्र कोरड्या दिवसांत कळेना. म्हणून साठेखतात मी अट घालायला लावली: घरावर एक चांगला पाऊस पडून ते गळत नाही याची खात्री झाल्यावर पंधरा दिवसांत खरेदीखत करावं. दस्त लिहिणाऱ्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि लिहिलं. मला त्या अटीचा अभिमान वाटला होता. मुदतीची तारीख घालायचं सुचलं नाही. तो महिना मे होता.

जून गेला, जुलै गेला. शिंतोड्यांपलीकडे पाऊस नाही. ऑगस्टात माझ्या घरमालकाने निरोप धाडला, मुलाचं लग्न ठरलंय, दिवाळीआधी खोल्या रिकाम्या करा. माझी सगळी शिल्लक इसारात गेलेली.

मी चाचांकडे गेलो. ते रिकाम्या मशिनीपाशी बसले होते.

"भाऊसाहेब, इसार मागू नका. श्रीरामपूरच्या जागेला देऊन बसलो. बाकीचे दिल्याबिगर ती बी मिळंना."

"धाबं गळलं तर, चाचा?"

"गळत न्हाई. पर ते दाखवू कसं तुमाला? आभाळ काय माझ्या बापाचं हाय?"

अट माझी होती आणि तिच्यात दोघेही अडकलो होतो.

मग मी हिशेब केला. धाबं चोवीस फूट बाय अठरा. एक इंच पाऊस म्हणजे छत्तीस घनफूट पाणी, आमच्या बादलीने चौसष्ट बादल्या. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. चाचांनी आपल्या वाट्यातल्या दोन बादल्या शिडीपाशी आणून ठेवल्या. मी त्या वर नेल्या. ज्या कोपऱ्याचा मला संशय होता, तिथे तांब्याभर पाणी ओतलं. माती ते पिऊन गेली, ओल हातभरसुद्धा पसरली नाही.

खालून शेजारच्या बाईंचा आवाज आला. रिकामी घागर कमरेवर घेऊन त्या वर बघत होत्या.

"आवं भाऊसाहेब, धाब्याला आंघोळ घालताय व्हय? मग साबन बी लावा की!"

दोन-चार जणी हसल्या. त्या बाई हसत नव्हत्या.

मी दोन्ही बादल्या खाली आणल्या आणि त्यांच्या घागरीत ओतल्या. उरलेलं पाणी दुसरीने नेलं. चाचा दारात उभे होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही खरेदीखत करायला पाथर्डीला रजिस्ट्रार कचेरीत गेलो. उरलेल्या रकमेसाठी मी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. दस्त लिहिणारा तोच होता. त्याने अट गाळली आणि मजकूर वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, "सदर घर मी समक्ष पाहून, सर्व बाबतीत खात्री करून घेतले आहे."

"ही ओळ काढा," मी म्हणालो. "खात्री झालेली नाही."

"नमुन्यातच असती ती, साहेब. काढून काय लिहू? खात्री न करता घेतलं?"

"तसं लिहा."

"असा दस्त रजिस्ट्रारसाहेब घेतील का आत? आज शेवटचा नंबर तुमचा. न्हाईतर सोमवारी या."

चाचा जमिनीकडे बघत होते. सोमवारी आलो असतो तरी पाऊस पडलेला नसताच. हिशेबाच्या वहीत मी एकही आकडा कधी खोटा लिहिला नव्हता.

मी पेन मागितलं आणि त्या ओळीखाली सही केली.