भांडणाच्या सीनमध्ये तिचे डायलॉग

दोस्तहो, कथेत मला सगळ्यात जास्त मजा भांडणाचे सीन लिहायला येते. प्रेमाचा सीन असला की पेन अडतं, भांडण मात्र सुसाट पळतं. कॉलेजही भांडूनच सोडलं ना!

मागच्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीशी, रश्मीशी जोरदार वाजलं, बोलणं बंद झालं. मी तेच भांडण कथेत घालून इथे ग्रुपवर टाकलं. हीरो फाडफाड बोलतो, हिरोईन रडत निघून जाते.

ते वाचून आज दुपारी रश्मी थेट नागपूरच्या इतवारी बाजारात, मी काम करतो त्या साडीच्या दुकानात आली.

"काहून रे, मी रडली होती का? खऱ्यातही बोलू देत नाही, गोष्टीतही नाही!"

मी तोंड उघडलं.

"चूप! माह्यं झालं नाही अजून."

साडी बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बोल वं पोरी, बोल!"

आणि ती काय बोलली राव! शेवटी म्हणाली, "त्या दिवशी मी गेली नव्हती. कोपऱ्यावर उभी होती. तू मागं पाहिलंच नाही."

मी दुकान सोडून तिच्यासोबत निघालो. मालक ओरडत होता.

आता तो सीन पुन्हा लिहितोय, अर्धा तिचा! तुम्ही भांडण लिहिता, तेव्हा समोरच्याला बोलू देता का? खरं सांगा.